वेताळाचे रान : एका चित्रकथानायकाच्या मराठी अवताराविषयी

मराठी वाचकाला वेताळ दोन वाटांनी भेटलेला आहे. त्यातली एक वाट 'वेताळपंचविशी'ची. झाडाला लोंबकळणारे प्रेत, ते खांद्यावर घेऊन निघालेला राजा आणि उत्तर देताच पुन्हा झाडावर परतणारे कोडे, हे सारे 'चांदोबा' मासिकाने गेल्या शतकात घरोघर पोहोचवले. त्याही मागे गावशिवेवरचा शेंदूर फासलेला दगड आहे, अमावास्येला मशाली घेऊन निघणारी वेताळाची पालखी आहे, आणि गोव्यात तर वेताळ हा ग्रामदैवताच्या मानाने नांदतो. बेताळभाटी या गावाचे नावच त्याच्यावरून पडले आहे. दुसरी वाट बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून येते. तेथला वेताळ अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतो, डोळ्यांवर काळा मुखवटा चढवतो, पांढऱ्या घोड्यावर बसतो, आणि गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीची खूण उमटवून निघून जातो. हा दुसरा वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकी लेखकाचा 'फॅन्टम'.

मराठी समीक्षेने पहिल्या वेताळाची दखल लोकसाहित्याच्या अंगाने घेतली आहे. दुसऱ्याच्या वाट्याला मात्र स्मरणरंजनापलीकडे फारसे काही आलेले नाही. बाबूराव अर्नाळकरांचा 'काळापहाड' निदान लोकप्रिय वाङ्मयाच्या चर्चेत डोकावतो. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ तेवढाही नाही. तो भाषांतरित, त्यात चित्रमय, शिवाय मुलांचा. म्हणजे उपेक्षेची तिन्ही कारणे एकत्र आलेली. प्रस्तुत लेखाचा हेतू ही उपेक्षा भरून काढण्याचा नाही. मी ज्या तळोद्यात अध्यापन करतो तेथून सातपुड्याची रांग दिसते, आणि माझ्या वर्गातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी त्या रांगेतल्या किंवा तिच्या पायथ्याच्या भिल्ल, पावरा घरांतून येतात. रानाच्या कडेला बसून 'रानाच्या राजा'ची चित्रकथा वाचताना एक प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर या नायकाच्या प्रकाशनाच्या इतिहासातच सापडते असे मला वाटते.

तो इतिहास थोडक्यात असा. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांतून फॅन्टमची दैनिक चित्रमालिका सुरू झाली. चित्रे प्रथम रे मूर यांची, नंतर विल्सन मकॉय यांची आणि १९६०च्या दशकाच्या आरंभापासून साय बॅरी यांची. १९३९पासून रविवारची स्वतंत्र मालिकाही आली. भारतात तो 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'च्या पानांवरून इंग्रजी वाचकांच्या परिचयाचा झाला होता. त्याच साप्ताहिकाच्या मालकांनी, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीने, मार्च १९६४मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिला अंक फॅन्टमचा होता, आणि पहिले बत्तीस अंक फॅन्टमचेच होते. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी त्यानंतर आली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतून अंक निघत गेले. मासिकाचे पाक्षिक झाले, अखेरच्या दशकात साप्ताहिक झाले, आणि आठशेंहून अधिक अंक काढून १९९०मध्ये ही माला बंद पडली. पुढे दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सने फॅन्टम चालवला; पण मराठी मनातला वेताळ इंद्रजालचाच राहिला. माझ्या पिढीला तो ताजा असा मिळालाच नाही. मोठ्या भावंडांनी दोऱ्याने शिवून ठेवलेल्या, मुखपृष्ठे गळालेल्या गठ्ठ्यांतून आम्ही तो वाचला.

या मालेच्या उभारणीत अनंत पै यांचा सहभाग होता. १९६७मध्ये 'अमर चित्रकथा' सुरू करणारे तेच पै. आधी सुपरमॅन काढण्याचा विचार चालला होता, आणि भारतीय वाचकाला, विशेषतः लहान गावांतल्या वाचकाला, महानगरातल्या उडत्या माणसापेक्षा जंगलातला नायक जवळचा वाटेल म्हणून फॅन्टमची निवड झाली, अशी हकीकत सांगितली जाते. ही हकीकत मला महत्त्वाची वाटते. तिच्यात 'जंगल' हा शब्द वाचक आणि नायक यांना जोडणारा दुवा म्हणून आला आहे. जंगल म्हणजे ओळखीचे, आपले, देशी. पण कोणाचे?

आता संपादकाच्या लेखणीकडे वळू. फॉकच्या मूळ कथांत फॅन्टमच्या देशाचे नाव आरंभी 'बंगाली' होते आणि तो आशियात कोठेतरी होता. पुढे नावाचे 'बंगाल्ला' झाले आणि देश आफ्रिकेत सरकला. इंद्रजालच्या संपादकांनी त्याचे 'डेंकाली' केले. पहिल्या फॅन्टमच्या पित्याचे जहाज लुटणारे चाचे मूळ संहितेत 'सिंग' आहेत. भारतीय आवृत्तीत ते 'सिंगा' झाले. पित्याचा वध करणाऱ्या एका दुष्टाचे नाव मूळात 'रामा' असे आहे. ते येथे 'रामालू' झाले. म्हणजे तीन ठिकाणी लेखणी थांबली: एका प्रांताच्या नावापाशी, एका समाजात सर्रास चालणाऱ्या आडनावापाशी, आणि एका देवाच्या नावापाशी. प्रत्येक ठिकाणी तिने अक्षर-दोन अक्षरांची अशी फिरवाफिरव केली की चित्राला धक्का लागू नये आणि कोणाच्या भावनेलाही लागू नये.

या फेरफारांची टिंगल करण्याचे कारण नाही. व्यापारी प्रकाशनाने एवढी सावधगिरी घ्यावी हे स्वाभाविकच होते. माझे म्हणणे एवढेच की संपादकीय फेरफार हा वाचकाविषयीच्या कल्पनेचा लेखी पुरावा असतो. बंगालातला माणूस हा अंक वाचील, सिंग आडनावाचा माणूस वाचील, रामाचे नाव घेणारा वाचील आणि त्यांच्यापैकी कोणी तक्रार करील, हे संपादकांना दिसत होते. आता त्याच पानांवरची ती माणसे पाहा, जिच्याजवळ लेखणी थांबलीच नाही: कवटीच्या गुहेभोवती उभी असलेली, कमरेला गवताचे वस्त्र असलेली, विषारी बाण बाळगणारी, उंचीने ठेंगणी अशी रानातली माणसे. मूळात त्यांचे नाव 'बंदर' आहे. मराठीत बंदर म्हणजे जहाजांचा धक्का, त्यामुळे मराठी कानाला त्यात काही खटकत नाही. पण उत्तरेकडच्या भाषांत त्याचा अर्थ माकड, आणि किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये माकडांच्या कळपाला 'बंदर-लोग' असेच म्हटले आहे. ज्या संपादनाला 'रामा' खटकला त्याला ही माणसे खटकली नाहीत. रानात राहणारा कोणी या अंकाचा वाचक असेल आणि स्वतःला त्या चौकटीत शोधील, ही शक्यता मुंबईतल्या त्या टेबलावर नव्हती.

नावाच्या प्रश्नाकडे पुन्हा यायला हवे. फॅन्टम म्हणजे भूत, भास. तमिळमध्ये तो 'मायावी' झाला. बंगाली वृत्तपत्रात 'अरण्यदेव' झाला. मराठी आणि हिंदी इंद्रजालने त्याला 'वेताळ' केले. शब्दार्थाच्या दृष्टीने ही निवड उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे. वेताळ मरत नाही, रात्री फिरतो, भुतांचा अधिपती असतो आणि दुष्टांना धाक घालतो. 'साहित्यातील देशीयता' या चर्चेत भालचंद्र नेमाडे यांनी जो आग्रह धरला त्याच्या प्रकाशात पाहिले तर वरवर हे यशस्वी देशीकरण ठरेल. परंतु येथे देशी काय झाले आणि परके काय राहिले, हे तपासले पाहिजे.

फॉकने आपल्या नायकाच्या पोशाखाची एक उत्पत्तिकथा दिली आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेल्या गोऱ्या तरुणाला बंदर लोकांनी वाचवले. ते लोक वसाका नावाच्या धिप्पाड जमातीचे गुलाम होते. त्या तरुणाने वसाकांच्या राक्षसदेवाची मूर्ती पाहिली, तिच्यासारखा पोशाख शिवला, तो घालून त्यांना भयभीत केले आणि बंदर लोकांना मुक्त केले. तेव्हापासून बापानंतर मुलगा हा पोशाख घालतो; बाहेरच्या जगाला मात्र वाटते की चारशे वर्षे एकच पुरुष जिवंत आहे. म्हणजे फॅन्टमच्या सत्तेचे मूळ रानातल्या लोकांचा देव अंगावर चढवण्यात आहे. वेताळ हे नाव देताना मराठी भाषांतराने तीच क्रिया दुसऱ्यांदा केली. शिवेवरच्या शेंदरी दगडाचा देव, जो मुळात खालच्या मानल्या गेलेल्या जातींचा, गावकुसाबाहेरचा, कोंबड्याबकऱ्याच्या नैवेद्याचा देव, तो एका इंग्रज दर्यावर्दीच्या वंशजाच्या अंगावर चढवला गेला. देशी झाला तो पोशाख. आतला माणूस होता तोच राहिला.

या ठिकाणी 'हे सारे मुलांच्या गोष्टीत कशाला पाहायचे' असा आक्षेप येईल. त्याला मी सिद्धान्ताने उत्तर देत नाही. आरिएल डॉर्फमन आणि आर्मां मातलार यांनी १९७१मध्ये चिलीत डोनाल्ड डकच्या चित्रकथांची जी चिकित्सा केली तिचा हवाला देता येईल. पण खानदेशातल्या वाचकाला इतके दूर जाण्याचे कारण नाही. फॉकच्या जन्माआधी शतकभर ही गोष्ट आमच्याच भागात घडून गेली आहे.

१८१८मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला आणि डोंगरांतल्या भिल्लांशी तिची झुंज सुरू झाली. केवळ लष्कराने हे आटोपत नाही असे दिसल्यावर मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात, १८२५मध्ये, भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरले आणि ते काम जेम्स आउट्रम या बाविशीतल्या लेफ्टनंटाकडे आले. धरणगाव हे पलटणीचे ठाणे झाले. आउट्रम भिल्लांबरोबर शिकारीला जाई, त्यांच्यात वावरे, आणि त्याच्या वाघाच्या शिकारींनी भिल्ल त्याच्यावर जीव टाकू लागले, असे त्याचे इंग्रज चरित्रकार मोठ्या कौतुकाने सांगतात. १८३५पर्यंत तो येथे होता. या दहा वर्षांची हकीकत वाचताना चौकटी आपोआप डोळ्यांपुढे येतात. एकटा गोरा तरुण, भोवती धनुष्यबाण घेतलेली माणसे, त्यांच्या शौर्याची स्तुती, आणि त्यांच्याच हातून राखली जाणारी 'रानातली शांतता'. फॉकने आउट्रमविषयी वाचले होते असा माझा दावा नाही. तशी गरजही नाही. साम्राज्याच्या चरित्रवाङ्मयात हा रूपबंध इतका रुळला होता की १९३६मध्ये तो कोणत्याही कथाकाराला तयार मिळाला असता. चित्रमालिकेतले 'जंगल पेट्रोल' हे दल, ज्याचा अज्ञात सेनापती पिढ्यान्‌पिढ्या फॅन्टमच असतो, ते भिल्ल पलटणीच्याच जातकुळीतले आहे.

या रूपबंधात न बसणारा माणूसही आमच्याच भागात आहे. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटरस्त्याच्या रखवालीवर कंपनीच्या चाकरीत होता. तो १८५७मध्ये उलटला, ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली, आणि १८६०मध्ये त्याला मारण्यात आले. रानाच्या रखवालदारानेच धन्याविरुद्ध उठावे, अशी कथा वेताळाच्या रानात संभवतच नाही. बंदरांचा प्रमुख गुरन हा वेताळाचा बालमित्र आहे, सल्लागार आहे, राखणदार आहे. पण कथेत कधी त्याचे त्याच्याशी भांडण नाही, कारण त्याचे स्वतःचे असे काही मागणेच नाही.

भाषेचा अध्यापक म्हणून मला सर्वांत बोचणारी गोष्ट आणखी निराळी आहे. या चित्रकथांत अधूनमधून 'जंगलातली जुनी म्हण' म्हणून एक वाक्य येते. ही म्हण नेहमी वेताळाविषयी असते: त्याचा वेग, त्याचा क्रोध, त्याची नजर. लहानपणी आम्हांला या म्हणी तोंडपाठ होत्या आणि खेळताना आम्ही नव्या रचतही असू. तो आनंद मी नाकारीत नाही. पण एका संपूर्ण मौखिक परंपरेतून वाचकापुढे काय आले? एका माणसाची स्तुती. येथून उत्तरेला डोंगर चढला की याहामोगीच्या आणि राजा पांठाच्या कथा रात्र-रात्र गाणारे लोक आहेत. बांधावर वाघदेव पुजणारे, बी पेरण्याआधी, नवे धान्य खाण्याआधी गाणे म्हणणारे लोक आहेत. त्यांच्या म्हणी पावसाविषयी, सावकाराविषयी, सासूविषयी असतात. वेताळाच्या रानात पाऊस कधी लांबत नाही, सावकारही नाही. शहादे भागातल्या चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेत व्यासपीठावर बसून आदिवासींचे दुःख आदिवासींनाच सांगणाऱ्यांचा उपरोध आहे. 'जंगलातली जुनी म्हण' ही त्या व्यासपीठाची आणखी आधीची आवृत्ती म्हणावी लागेल. येथे तर वरच्याने स्वतःची स्तुतीही खालच्यांच्या तोंडी घातली आहे.

याला दुसरी बाजू नाही असे मात्र नाही, आणि ती झटकून टाकणे अप्रामाणिक ठरेल. फॉकने बदलत्या काळाची दखल घेतली होती. १९६०च्या दशकात आफ्रिकी देश स्वतंत्र होत असताना त्याने आपल्या काल्पनिक देशालाही लमांडा लुआगा हा कृष्णवर्णीय डॉक्टर निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष म्हणून दिला, आणि वेताळ त्याच्या बाजूने उभा राहिला. हे सौजन्याचे आहे. तरी नव्या राष्ट्राध्यक्षाला कवटीच्या गुहेतल्या आशीर्वादाची गरज का पडावी, हा प्रश्न उरतो. इंद्रजालनेही डिसेंबर १९७६मध्ये आबिद सुरती यांच्या लेखणीतून आणि गोविंद ब्राह्मणिया यांच्या कुंचल्यातून 'बहादुर' आणला. डाकूचा मुलगा, अंगात कुर्ता आणि खाली जीन्स, आणि गावकऱ्यांना संघटित करून उभारलेले नागरी संरक्षण दल. मला बहादुरचे महत्त्व वाटते ते या दलामुळे. त्यात गावकरी प्रेक्षक नाहीत. बंदूक त्यांच्या हाती आहे आणि निर्णयातही त्यांचा वाटा आहे. चित्रे मात्र वेताळाच्या मानाने ओबडधोबड होती हे खरे, आणि म्हणून की काय आम्ही गठ्ठ्यात आधी वेताळच शोधत असू.

अधिक अडचणीत टाकणारे उदाहरण पापुआ न्यू गिनीचे आहे. तेथील डोंगराळ प्रदेशातल्या वाघी खोऱ्यात १९८०च्या दशकात टोळ्यांच्या लढाया पुन्हा पेटल्या, तेव्हा योद्ध्यांनी आपल्या उंच ढालींवर फॅन्टमचे चित्र रंगवले. न मरणारा पुरुष ढालीवर असावा, हे त्यांच्या दृष्टीने सरळ होते. ज्यांना चित्रकथेने पार्श्वभूमीला ठेवले असते त्यांनीच नायकाला काढून आपल्या शस्त्रावर चढवले. वाचक संहितेचा गुलाम नसतो याचा इतका ठसठशीत पुरावा क्वचित मिळतो. माझ्या वरच्या विवेचनाला या ढालींनी छेद जातो हे मी मान्य करतो. पण तो छेद संहितेने दिलेला नाही, तिच्या वाचकांनी घेतलेला आहे. संपादकाच्या टेबलावर ज्या वाचकाची कल्पनाच नव्हती तो वाचक आला म्हणजे काय होते, हे त्या ढालींवर दिसते.

तो वाचक आमच्याकडेही आला आहे. दोन वर्षांपूर्वी वर्गात 'लोकप्रिय वाङ्मय' शिकवताना मी वेताळाच्या एका जुन्या अंकाची काही पाने झेरॉक्स करून वाटली. पहिला प्रश्न धडगावकडच्या एका विद्यार्थ्याने विचारला: "सर, यांची शेतं कुठं आहेत?" मी तो अंक कितीदा वाचला असेन; मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. खरोखरच, चारशे वर्षांच्या त्या रानात कोणी नांगर धरलेला, मोहाची फुले वेचलेली, लाकडाची मोळी बांधलेली मला आठवेना. ढोल वाजवणे आणि वेताळाची वाट पाहणे एवढेच त्यांचे काम. वनखाते तर नाहीच.

मग एक तास मी निराळा घेतला. चौकटीतल्या फुग्यांवर कोरे कागद चिकटवले आणि ज्याला जी भाषा घरी येते तिच्यात संवाद लिहायला सांगितले. बहुतेकांनी थट्टा केली. वसतिगृहातल्या डाळीचा उल्लेख सात-आठ पानांवर होता, आणि एकाने वेताळाला अहिराणीत शिव्या घालायला लावल्या होत्या. एका विद्यार्थिनीने गुरनच्या तोंडी भिलोरीत एकच ओळ लिहिली होती. मला ती कळली नाही म्हणून अर्थ विचारला. गुरन वेताळाला विचारत होता, "तू इथं राहतोस याचा पुरावा काय?" तिच्या घरच्या वनजमिनीच्या दाव्याची कागदपत्रे वडिलांनी पिशवीत घालून ठेवली आहेत आणि प्रत्येक फेरीला त्यांना हेच विचारले जाते, असे ती म्हणाली. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासीला १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना त्याखेरीज तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा रहिवास. एकवीस पिढ्यांचा वेताळ त्या अटीत सहज बसला असता, असे मी हसत म्हणालो. ती हसली नाही. तिने पुढची चौकट दाखवली. तीत मूळ चित्रात वेताळ बोलत होता. तो फुगा तिने कोराच ठेवला होता, आणि खाली समासात, मराठीत, दाव्याच्या अर्जावर असतात तशा दोन रकाने आखून, एकात 'नाव' आणि दुसऱ्यात 'गट नंबर' असे लिहिले होते.